बारशाचं पिंप

डफटाउन, ३ मार्च १९९४

प्रिय नेट्टाआत्या,

बाबांनी तुला कळवलंच असेल, आणि ते कोणत्या शब्दांत कळवलं असेल तेही मला ठाऊक आहे. तरी एकदा माझ्याकडून ऐक. हो, मी ॲबर्डीनचं कॉलेज सोडलं. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष, अर्ध्यावर. प्राध्यापकाशी भांडण झालं हे खरं. पण भांडण झालं नसतं तरी सोडलंच असतं. इश्बेल इथे आहे आणि तिथे नव्हती, याहून मोठं कारण मला सापडत नाही. बाबांना ते कारणच वाटत नाही.

सध्या मी डाल्नाब्रेकच्या व्हिस्कीच्या भट्टीत गोदामावर आहे. पिंपं ढकलतो, रचतो, गळकी शोधतो. माझे साहेब वॉटी क्रुकशँक, म्हणजे इश्बेलचे वडील. इश्बेल त्याच भट्टीत नमुन्यांच्या खोलीत बसते. दिवसभर ग्लासात नाक घालते आणि पाटीवर दोन शब्द लिहिते. ते दोन शब्द भट्टीत कोणी खोडत नाही.

आता कामाचं. इश्बेल जन्मली तेव्हा मालकांनी वॉटीकाकांना एक पिंप भरून दिलं होतं. ते इश्बेलच्या लग्नात उघडायचं असं ठरलेलं आहे. बावीस वर्षं झाली. परवा नमुना काढला, तेव्हा मला घोटभर मिळाली. आत्या, व्हिस्की चांगली आहे, पण झोपलेली आहे. जव, थोडा मध, वाळलेलं गवत, बस. मुळात ते पिंप अमेरिकेतून आलेलं, इथे येऊन दोनदा वापरलेलं. त्याच्या लाकडात द्यायला काही उरलंच नव्हतं. मी तसं म्हटलं. मोठ्याने म्हटलं. सगळ्यांसमोर.

वॉटीकाका म्हणाले, "मग काय करावं म्हणतोस, प्रोफेसर?"

"शेरीच्या पिंपात घालावी. शेवटचे काही महिने. आतली चव बाहेर येईल."

"म्हणजे माझ्या पोरीच्या व्हिस्कीला उसनं पोलकं घालायचं?"

"काका, तुमच्या आजोबांच्या काळात सगळी व्हिस्की शेरीच्याच पिंपातली असायची. लीथच्या बंदरात स्पेनहून शेरी वाइन उतरायची, रिकामी पिंपं आपण उचलायचो. स्कॉटिश माणूस रिकामं पिंप टाकून देईल होय?"

त्यावर सगळे हसले, आणि म्हातारा अडकला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. कर. पण बिघडवलीस, तर इश्बेलच्या लग्नात नवरा सोड, साधा पाहुणासुद्धा नसशील."

इश्बेल शेजारीच उभी होती. म्हणाली, "पिंप माझं, लग्न माझं, आणि पैज या दोघांची. छान." आणि निघून गेली. पण जाताना हसत होती, मी पाहिलं.

तर आत्या, मला ओलोरोसो शेरीचं एक चांगलं पिंप हवंय. लहान चालेल. बावीस वर्षांत लाकडातून हवेत उडून, म्हणजे देवदूतांनी आपला वाटा नेऊन, आता अर्ध्याहून जरा जास्तच उरली आहे. तिकडे स्पेनमध्ये पाकोकाकांचा पिंपांचा कारखाना आहे म्हणून नव्हे, तू माझी एकच आत्या आहेस म्हणून मागतोय.

तुझा,
स्ट्रुअन

•

हेरेस, १९ मार्च १९९४

स्ट्रुअन,

तुझ्या बाबाने दोनच ओळी लिहिल्या. दुसरी अशी होती: "तुझ्यावर गेला आहे." तीस वर्षांपूर्वी एका स्पॅनिश पिंपवाल्यासाठी मी डफटाउन सोडलं तेव्हाही तो असाच लिहायचा. मी त्याला कौतुक समजते, तूही समज.

वॉटी शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. तेव्हाही त्याला कोणी सांगितलेलं आवडायचं नाही आणि तेव्हाही तो मनातून ऐकायचा. पण बिघडवलीस तर पाहुणाही नसशील म्हणाला ना, ते मात्र तो खरं करील. तेव्हा जपून.

पिंप पाठवते. पाकोने स्वतः निवडलंय, दोन वर्षं ओलोरोसोने भरलेलं होतं. अक्रोड, खारका, संत्र्याची वाळलेली साल, असा वास आहे. इकडून पिंप रिकामं निघालं की वाटेत आंबू नये म्हणून आत गंधकाची वात जाळायची पद्धत आहे. लेकराला बाहेर पाठवताना तीट लावतात तसं. ती वात व्हिस्कीला चालत नाही. एकदा लाकडात शिरली की जळक्या काडीचा, उकडलेल्या कोबीचा वास धरते. जाळू नका म्हणून मी सांगून ठेवलंय. तरी पिंप पोचलं की बुचाच्या भोकाला नाक लावून बघायचं, आणि मगच भरायचं.

पण तू नाही. इश्बेलला लावायला सांग.

हे पुन्हा वाच. आपल्या गेडिस घराण्यातल्या पुरुषांची नाकं गंधकाला बहिरी आहेत. तुझे आजोबा कुजकं अंडं फोडून मिटक्या मारत खायचे, आणि माझी आई डोक्याला हात लावायची. शेवटी घरातली अंडी हुंगायचं काम माझ्याकडे आलं. तुझ्या बाबाचंही तेच आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुणाला ताल कळत नाही, कुणाला गंधक.

शेरीत फार दिवस ठेवू नकोस. व्हिस्कीने शेरीची शाल पांघरायची. शालीत गुंडाळून पडायचं नाही.

नेट्टाआत्या

•

डफटाउन, २२ मे १९९४

प्रिय आत्या,

पिंप पोचलं! काय देखणं आहे. गोदामात सगळी पिंपं काळवंडलेली आणि हे मधोमध नव्या नवरीसारखं. वॉटीकाकांनी दोनदा भोवती फेरी मारली, कड्या वाजवून पाहिल्या आणि म्हणाले, "कारागिरी बरी आहे. स्पेनची असून." एवढं त्यांच्या तोंडून येणं म्हणजे पदकच.

परवा व्हिस्की त्यात भरली. भरण्याआधी वास पाहिला. मनुका, अक्रोड, आणि तू म्हणालीस ती संत्र्याची साल. एकदम स्वच्छ. चिंता नसावी.

जुन्या पिंपातून शेवटची धारही काढली. ते रिकामं पिंप आता गोदामाच्या टोकाला पडलंय. हॉटेलवाला दारात फुलं लावायला मागत होता, अर्धं करून. मी देणारच होतो, पण काकांनी डोळे वटारले.

इश्बेलबद्दल विचारलंस तर, रविवारी आम्ही फिडिख नदीच्या काठाने बाल्वेनीच्या किल्ल्यापर्यंत चालत जातो. ती फार बोलत नाही. मी बोलतो. तिने एकदा विचारलं, "स्ट्रुअन, तुला कधी वाटतं का, की आपलं चुकलं असेल?" मी म्हटलं, "वाटतं की. नंतर." ती खूप हसली. आत्या, ती हसते तेव्हा मला काहीही करावंसं वाटतं. कॉलेज सोडणं म्हणजे त्यातलं काहीच नाही.

उन्हाळा संपला की सगळ्यांसमोर नमुना काढणार आहे. त्याच दिवशी मी तिला विचारणार आहे.

तुझा,
स्ट्रुअन

•

हेरेस, ८ जून १९९४

स्ट्रुअन,

"वास पाहिला" असं लिहिलंयस. कोणी पाहिला ते लिहिलं नाहीस.

नेट्टाआत्या

•

डफटाउन, ३० सप्टेंबर १९९४

आत्या,

संपलं सगळं. तुझ्या जूनच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. हो, मीच हुंगलं. तिच्यासाठी करत होतो, तिलाच कशाला हुंगायला लावू? अहेर देताना आपण अहेराचं कापड नवरीला तपासायला देतो का? आणि मला खरंच काही आलं नव्हतं. अजूनही येत नाही.

शनिवारी गोदामात सगळे जमले होते. माझे बाबासुद्धा आले होते, कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा माझ्या कामाच्या जागी. मी नळीने नमुना काढला. रंग असा, की गोदामाच्या दारातून येणाऱ्या उन्हात धरला तर तांबूस मध. मी चव घेतली. आत्या, झोपलेली व्हिस्की जागी झाली होती. खारीक, मनुका, मागून जायफळ. बाबांनी घेतली, चक्क मान डोलावली. मग मी इश्बेलला ग्लास दिला.

तिने नाक लावलं. पुन्हा लावलं. घोट घेतला, आणि तिचं तोंड असं झालं की मला सगळं कळलं. माझ्या खिशात अंगठी होती. ती अंगठी तिला दिसली असावी असंच वाटलं मला. म्हणजे उत्तर मिळालं.

ती हळूच म्हणाली, "स्ट्रुअन, यात गंधक आहे. काडी विझवल्यासारखं. शेवटी कोबी."

मी म्हटलं, "कोबी?"

"हो. मला वाईट वाटतंय, पण आहे."

"सगळ्यांना चांगली लागतेय आणि तुला एकटीला कोबी?"

"सगळ्यांना म्हणजे तुला आणि तुझ्या बाबांना."

मग मी जे म्हणायला नको होतं ते म्हटलं. म्हटलं, "नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हण. व्हिस्कीच्या आड लपू नकोस. पिंप ठीक आहे, तुझं नाक फिरलंय."

भट्टीत तिच्या नाकाबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं. वॉटीकाकांनी घोट घेतला, गिळला आणि मोठ्याने म्हणाले, "मला गंधक येतंय. आणि त्याहून जास्त काहीतरी जळतंय." तेवढ्यावर सगळे पांगले.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी भट्टीत जातो, पिंपं ढकलतो, घरी येतो. ॲबर्डीनला परत जावं का, असा विचार करतोय. नाहीतर तुझ्याकडे येतो. पिंपं बनवायला शिकेन. तिकडे निदान कोणी स्कॉटिश बोलत नसेल.

स्ट्रुअन

•

हेरेस, १२ ऑक्टोबर १९९४

स्ट्रुअन,

तू इकडे येणार नाहीस. एका घरातून एकाने पळून येणं पुरे झालं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पाकोला कारखान्यात पाठवलं. परत आला तो मान खाली घालून. त्याच्या भाच्याने गंधक जाळलं होतं. मी सांगितलं होतं, पाकोने सांगितलं होतं, भाच्याने मान डोलावली होती, आणि पिंप लॉरीत चढवायच्या आधी वात जाळली. का? "मामी, इतक्या लांब, समुद्रावरून जाणार, तेही तुमच्या माहेरी. न जाळता कसं पाठवायचं? आपलं नाव गेलं असतं." त्याने आपल्या परीने पिंपाला जपलं. त्याच्यावर रागवून काय करू?

तेव्हा गंधक होतं. इश्बेल खरं बोलली. मला इथे दीड हजार मैलांवर बसून ते कळलं आणि तुला तिच्या शेजारी उभं राहून कळलं नाही. यात नाकाचा दोष थोडा आहे, आणि बाकीचा कुठे आहे ते तुला माहीत आहे.

तुला पटत नसेल तर एक कर. दोन ग्लासांत साधी व्हिस्की घे. एकात जळकी काडी बुडवून काढ. मग कोणाला तरी ग्लासांची अदलाबदल करायला सांग आणि ओळख. तुझ्या बाबालाही शेजारी बसव.

आणि एक. तिने तोंड वाकडं केलं ते तुझ्या अंगठीला नव्हे. आपल्या बारशाचं पिंप बिघडलंय हे तिला त्या क्षणी कळलं. बावीस वर्षं राखलेली वस्तू. ती रडली नाही, ओरडली नाही, "मला वाईट वाटतंय" म्हणाली. आणि वाईट तुझ्यासाठी वाटलं तिला. स्वतःसाठी काय वाटलं, ते विचारलंस का?

नेट्टाआत्या

•

डफटाउन, २७ नोव्हेंबर १९९४

प्रिय आत्या,

काडीचा प्रयोग केला. आईने ग्लास बदलले. मी पुनःपुन्हा चुकलो. बाबा माझ्याहून जास्त चुकले आणि वर म्हणाले, "काडीवाली जास्त चांगली आहे." आई टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नमुन्यांच्या खोलीत गेलो. बाहेर काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आत गेल्यावर सगळं विसरलो. म्हटलं, "इश्बेल, मला गंधक येत नाही. कधीच येत नव्हतं. आत्याने आधीच लिहिलं होतं की तुला हुंगायला सांग, आणि मी सांगितलं नाही."

तिने ग्लास खाली ठेवला. "का?"

"कारण मला सगळं एकट्याने करून तुला द्यायचं होतं."

"माझं पिंप. मलाच. मला न विचारता."

"हो."

"बस तिकडे," ती म्हणाली. मी बसलो. तिने उरलेले सगळे नमुने संपवले, पाटीवर लिहिले, हात धुतले. माफ केलं असं म्हणाली नाही. म्हणाली, "आता त्याचं करायचं काय, ते सांग. रसायनशास्त्र शिकत होतास ना?"

आत्या, कॉलेजातल्या ज्या थोड्या तासांना मी जागा होतो त्यातला एक कामाला आला. भट्टीची भांडी तांब्याचीच का, कारण तांबं गंधक धरून ठेवतं. मी म्हटलं, स्वच्छ, चकचकीत तांबं पिंपात सोडलं तर सगळं नाही, पण बरंचसं ओढून घेईल. पण बुचाच्या भोकातून जाईल असं हवं. नळी चालेल. भट्टीतल्या नळ्यांना हात लावायची परवानगी नाही.

वॉटीकाका दारात उभे राहून ऐकत होते हे आम्हाला माहीत नव्हतं. ते तसेच घरी गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर आले ते कोटाच्या आत काहीतरी घेऊन. फडक्यात गुंडाळलेलं, कोंबड्यांच्या खुराड्याचा वास येणारं. फडकं सोडलं तर तांब्याचं कुत्रं!

तुला सांगायला नको, पण मी पाहिलं ते पहिल्यांदाच. हातभर लांब तांब्याची नळी, खालच्या टोकाला पेनीचं नाणं डाख देऊन बुजवलेली, वर बूच. पिंपातून भरायची, विजारीच्या आत सोडायची, आणि पहारेकऱ्याला रामराम करून घरी. धन्याच्या पायाला चिकटून घरी येतं म्हणून कुत्रं. आणि हे कोणाकडे निघालं? गोदामाच्या प्रमुखाकडे! मला ज्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की "इथे एक थेंब जरी खिशातून गेला तर तुझा खिसा कापीन."

काका आढ्याकडे बघत म्हणाले, "माझ्या वडिलांचं आहे. आठवण म्हणून ठेवलं होतं."

इश्बेलने ते उलटं केलं. "आजोबा साठ साली गेले ना, बाबा? बुडाला एकाहत्तरची पेनी आहे."

"असेल."

"मी बहात्तरची."

म्हातारा लालबुंद झाला. मग म्हणाला, "तुझ्या बारशाला अर्धं गाव आलं होतं. त्यांना काय चहा पाजायचा होता?"

आम्ही नळी उभी चिरली, म्हणजे आतूनही लागेल. करवत चालताना काकांनी तोंड फिरवलं. पेनी इश्बेलने खिशात घातली. पत्रा व्हिनेगर-मिठाने घासून लखलखीत केला आणि दोरीने पिंपात सोडला. किती वेळ ठेवायचा हे मी ठरवणार नव्हतो. ती रोज सकाळी येऊन नाक लावायची आणि "अजून" म्हणायची. एक दिवस आली आणि म्हणाली, "काढ. आता काढलं नाहीस तर तांबं लागेल." मी लगेच काढलं. काळं पडलं होतं, चुलीतून काढल्यासारखं. आत्या, मला जे येत नव्हतं ते मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

आता व्हिस्की त्या गंधक मुरलेल्या शेरीच्या पिंपात ठेवणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, दुसरं कुठून आणायचं? काका आम्हाला गोदामाच्या टोकाला घेऊन गेले. तिचं जुनं पिंप. मला वाटलं होतं कोरडं पडून फळ्या सुटल्या असतील. त्याच्यात पाणी भरलेलं होतं, स्वच्छ. मे महिन्यापासून म्हातारा ते बदलत होता. "मला माहीत होतं," एवढंच म्हणाला. काय माहीत होतं ते मी विचारलं नाही.

व्हिस्की आपल्या घरी परत गेली. इश्बेल म्हणाली, वसंतापर्यंत कोणी बूच उघडायचं नाही आणि मला काही विचारायचं नाही. मी विचारत नाहीये. रविवारी किल्ल्यापर्यंत जातो. हल्ली ती बोलते, मी ऐकतो. फार अवघड काम आहे.

तुझा,
स्ट्रुअन

•

हेरेस, १० डिसेंबर १९९४

स्ट्रुअन,

एकाहत्तर साली मी माहेरी आले होते. वॉटीने पुलावर मला एक घोट पाजला आणि मालकांनी बक्षीस दिली म्हणाला. इतकी वर्षं मी त्याला सज्जन समजत होते. हे त्याला सांग.

ऐकत राहा.

नेट्टाआत्या

•

डफटाउन, १४ मे १९९५

प्रिय आत्या,

सांगितलं. काका म्हणाले, "नेट्टाला म्हणावं, घोट परत पाठव."

काल बूच उघडलं. गर्दी नव्हती, आम्ही तिघंच. इश्बेलने स्वतः नमुना काढला, तीन ग्लासांत घातला, थेंबभर पाणी टाकलं. रंग सप्टेंबरपेक्षा थोडा उतरलाय. मी नाक लावलं. जुनं जव आणि मध परत वर आलेत, आणि त्यांच्या मागे खारका, संत्र्याची साल. दोघं भांडत नाहीत. पहिली झोपलेली होती, शेरीतली ओरडत होती, ही बोलते.

काकांनी घोट घेतला. मग म्हणाले, "उसनं पोलकं बरं दिसतंय."

मी इश्बेलकडे पाहिलं. ती डोळे मिटून होती. मग माझ्याकडे वळली.

"तुला काय येतंय?"

"मध, खारीक, संत्रं. शेवटी जायफळ."

"त्याच्या शेवटी?"

"काही नाही."

"काडी आहे," ती म्हणाली. "अगदी थोडी. पण आहे. कायम राहणार."

आत्या, मी पुन्हा नाक लावलं. खूप प्रयत्न केला. काही नव्हतं. माझ्यापुरतं तिथे काहीच नव्हतं. काका ग्लासाच्या कडेवरून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "तू म्हणतेस तर आहे."

तिने माझ्या वरच्या खिशातला खडू काढला. गोदामात सगळ्यांकडे असतो. पिंपाच्या तोंडावर १९७२ रंगवलेलं आहे, त्याच्या खाली तिने लिहिलं: ऑगस्ट.

काका चष्मा शोधत पुढे झाले. "ऑगस्ट? ऑगस्टात काय आहे?"

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा ठेवणीतला किल्ट आत्ताच सैल करायला टाका. पोट सुटलंय."

आत्या, पाकोकाकांना आणि त्या भाच्यालाही घेऊन ये. त्याला सांग, कोणी रागावलेलं नाही. बाबांनी तुझ्यासाठी माडीवरची खोली रंगवायला काढली आहे. तू ती पाहिलीस तर त्यातलं त्यांचं कौतुक तुला कळलं असं दाखवू नकोस. आणि येताना पिंप आणू नकोस. अंगठी इश्बेलच्या बोटात आहे. ती एकाहत्तरची पेनी मात्र तिने परत दिली नाही, लग्नात शकुन म्हणून बुटात घालणार आहे म्हणे.

तुझा,
स्ट्रुअन